हौशी नसल्याचा दाखला

वल्हं मारायला कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगतो, भाड्याच्या होडीवर. समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. त्याला एखाद्या क्लबाचं नाव ऐकायचं असतं. उतरू दे. हे एक वाक्य उघड बोलण्यासाठी मला जे सोडावं लागलं, त्यानंतर ते गोड करून सांगायची माझी तयारी नाही.

आमचं घर भाईंदरचं, इमारतींच्या आधीचं. आजोबांच्या काळी भाताची खाचरं होती आणि मिठागरात हिस्सा होता. वडिलांपर्यंत येता येता खाचरांचे तुकडे झाले आणि मिठागरातला हिस्सा कोर्टाच्या तारखांमध्ये विरघळून गेला. मग बाबांनी खाडीवर तर चालवायला घेतली, म्हणजे पैसे घेऊन माणसं पलीकडे पोचवणारी होडी. पलीकडे बेटावर एक गाव होतं आणि त्या गावाला बाबांच्या होडीशिवाय दुसरी सोय नव्हती. शाळेच्या बाई, दुधाचे कॅन, नवरा-नवरी, बकऱ्या, एकदा तर आरशाचं लोखंडी कपाट, सगळं आमच्या होडीतून गेलंय.

होडीला दोन वल्ही. लांब बांबू आणि त्याच्या टोकाला गोल फळी. एक बाबा ओढायचे, दुसरं आधी चुलत काका ओढायचे आणि मी सातवीत गेल्यावर मी. शाळा दुपारची, त्यामुळे सकाळच्या फेऱ्या माझ्या. ओहोटीला खाडीचं पाणी असं ओढतं की नुसता जोर लावलात तर भलतीकडेच जाऊन चिखलात बसाल. त्यात वल्हवणारा पाठमोरा बसतो, त्याला पुढचं दिसतच नाही. बाबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "पुढं बघू नको. मागची दोन झाडं धर. ती एकामागं एक दिसली पायजेत. फाकली का समज, होडी पलाली." पुढे कॉलेजात सर्व्हेच्या तासाला सरांनी दोन काठ्या एका रेषेत धरायला शिकवल्या, तेव्हा मी वर्गात एकटाच जांभई देत होतो.

बाबांचा दुसरा नियम जास्त कडक होता. धक्का तीन वल्ह्यांवर आला की वल्हं उचलायचं. शेवटची तीन मारायचीच नाहीत. होडी आपल्याच वेगात जाऊन हलकेच टेकली पाहिजे. "बसलेल्याला समजता कामा न्हाय, कवा लागली ती," ते म्हणायचे. याला कारण होतं. माझ्या जन्माआधी कधीतरी त्यांची होडी धक्क्यावर आपटली होती आणि उतरायच्या घाईत उभी राहिलेली एक गरोदर बाई आडवी झाली होती. बाईला काही झालं नाही, बाळालाही नाही. ते बाळ पुढे माझ्याच वर्गात होतं आणि चांगलं दांडगट होतं. पण बाबांनी घेतलेला धसका काही गेला नाही. माझ्याकडून होडी जरा धडकली की माणसं उतरवून झाल्यावर ते मला रिकामी होडी परत आत न्यायला लावायचे आणि पुन्हा टेकवायला लावायचे. कधी पाच-पाच वेळा. धक्क्यावरचे लोक फिदीफिदी हसायचे आणि मी मनातल्या मनात बाबांना शिव्या घालायचो. वर्षभरात मात्र माझे हात न सांगता थांबायला लागले.

एकोणनव्वद साली मी बारावी झालो आणि मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सिव्हिलला. कॉलेज हायवेने पुढे, काशीमीऱ्याच्या नाक्यावरून बस धरून जायचं. बस चुकली तर ट्रकवाल्याला हात करायचा. कॉलेजला लागून तलाव होता आणि तलावाच्या काठावर बोट क्लब. पहिल्या आठवड्यात त्या बोटी बघितल्या आणि मी खुळावलोच. लांबलचक, सडपातळ, दोन बोटांनी ढकललं तरी पळणाऱ्या. आत बसायची फळी चाकांवर पुढेमागे सरकते. चार जण वल्हवणार आणि पाचवा त्यांच्याकडे तोंड करून बसणार, तो वल्हवत नाही, नुसता सुकाणू धरतो आणि ओरडतो. आमच्याकडे असला माणूस फुकट नेला नसता.

क्लबचा कॅप्टन माझ्याहून दोन वर्षं पुढे होता आणि निघाला आमच्याच बाजूच्या शांती नगरचा. त्याचे आईवडील गिरगावातली खोली सोडून तिथल्या नव्या इमारतीत आले होते, वडील बँकेत. आम्ही एकाच नाक्यावर बस पकडायचो, त्यामुळे लवकर दोस्ती झाली. त्याने मला चाचणीला बसवलं आणि अर्ध्या तासात विचारलं, "अरे, तू आधी कुठे रोइंग केलंयस?" मी म्हणालो, "कुठे नाही. असंच." तो म्हणाला, "असंच कसं? तुझे हात बघ."

इथे मला माझी स्वतःची लबाडी सांगितली पाहिजे, कारण ती माझ्यावर कोणी लादली नव्हती. क्लबच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, शेती. अगदीच खोटं नव्हतं, दोन खाचरं अजून होती. पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसला तो प्रकार. चौघांच्या बोटीत तिसरी सीट मला मिळाली. ज्या मुलाची ती आधी होती तो राखीव झाला. मला त्याचं काही वाटलं नाही. मला त्या सीटचं इतकं वेड लागलं होतं की रविवारी बाबांच्या होडीवर बसल्यावर बसायची फळी सरकत नाही म्हणून मी वैतागायचो.

पहिली शर्यत एका शेजारच्या कॉलेजाशी, आमच्याच तलावावर. शेवटच्या रेषेला काठावर झेंडा लावलेला आणि झेंड्याशेजारीच लाकडी धक्का. आम्ही अर्ध्या बोटीने पुढे होतो. माझं डोकं पार रिकामं झालेलं, फक्त हात चाललेले. सवयीने मान जरा वळली, डोळ्याच्या कोपऱ्यातून मला धक्का दिसला आणि माझ्या हातांनी सहा वर्षं जे केलं होतं तेच केलं. वल्हं उचललं. तीन वल्ही आधी. मागचा माझ्या पाठीवर आदळला, बोट वाकडी झाली आणि दुसरं कॉलेज आमच्या शेजारून निघून गेलं.

काठावर आल्यावर कॅप्टनने विचारलं, "तू थांबलास का?"

विचार करून बोललो असतो तर काहीतरी थाप मारली असती. दम लागला होता, तोंडून खरं तेच निघालं. "धक्का आला ना!"

"मग?"

"मग माणसं पडतील की."

बोटीतले सगळे खो खो हसले. नंतर महिनाभर मला बघितलं की कोणी ना कोणी ओरडायचं, "उतरा, उतरा, धक्का आला!" कॅप्टनने मात्र मला काढलं नाही. त्याने रोज मला त्याच झेंड्यापुढे दहा वल्ही जास्त मारायला लावली, बाबांनी उलटं शिकवलं होतं तेवढ्याच चिकाटीने. महिन्याभरात मी दोन्ही शिकलो. तलावावर थांबायचं नाही, खाडीवर थांबायचं. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

ज्याची सीट गेली होती तो राखीव मुलगा मात्र विचार करत होता. माणसं पडतील म्हणजे कोणती माणसं? तो एका रविवारी भाईंदरला आला, विचारत विचारत खाडीवर पोचला आणि आमच्या होडीत बसला. मी त्या दिवशी अभ्यासाला घरी होतो. बाबांनी त्याला पलीकडे नेलं आणि परत आणलं. कॉलेजातला पोरगा दिसतोय म्हणून त्यांनी कौतुकाने सांगितलं, "माजा पोरगा पन कालेजात वल्हं मारतो. हितंच शिकला, ह्याच होडीवर." त्यांनी त्याच्याकडून पैसेही घेतले नाहीत, पोराच्या कॉलेजातला म्हणून. हे मला बाबांनीच संध्याकाळी खुशीत सांगितलं. मी त्यांच्यावरच खेकसलो, की प्रत्येकाला सगळं सांगायची काय गरज आहे. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, पण वय हे काही कारण होत नाही.

दोन महिन्यांनी मोठी आंतरकॉलेज स्पर्धा होती. तिच्या आधी समितीकडे माझ्याविरुद्ध तक्रार गेली. स्पर्धेची नियमांची एक पुस्तिका होती, गोऱ्या साहेबाच्या काळातली, पिढ्यान्‌पिढ्या तशीच छापत आलेली. तिच्यात लिहिलं होतं की स्पर्धा फक्त हौशी वल्हवणाऱ्यांसाठी आहे आणि ज्याने कधीही भाड्यासाठी किंवा मजुरीसाठी वल्हं मारलं असेल तो हौशी धरला जाणार नाही. मी ती ओळ चार वेळा वाचली. लहानपणापासून हात सोलून घेतले म्हणून मी बाद आणि गेल्या वर्षी हौस म्हणून सुरू केलं तो पात्र. साहेब गेला, पण त्याची खुर्ची पुसायला माणसं राहिली होती.

समितीचे सचिव एक वयस्कर गृहस्थ, बोलायला गोड. त्यांनी मला आणि कॅप्टनला बोलावलं. "मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तक्रार आली की आम्हाला काहीतरी कागद लागतो. स्टँप पेपरवर एक लिहून दे, की मी किंवा माझ्या वडिलांनी कधी भाड्याने होडी चालवलेली नाही. वडिलांची सही आण. विषय संपला."

नियमात वडिलांचं नाव कुठे नव्हतं. ते सचिवांनी आपल्या पदरचं घातलं होतं, कागद जास्त पक्का व्हावा म्हणून. बाहेर आल्यावर कॅप्टन म्हणाला, "देऊन टाक यार. सगळे काही ना काही लिहून देतात. माझ्या बाबांनी शाळेच्या अॅडमिशनला पत्ता खोटा दिला होता. कागदच आहे."

मी देणार होतो. हे मला आज कबूल करायलाच हवं. मला ती सीट हवी होती आणि त्यासाठी मी बाबांना खोडून टाकायला तयार झालो होतो. केबिन रोडला एका गाळ्याच्या तोंडाशी टायपिंग करून देणारे गुजराती काका बसायचे, त्यांच्याकडून मी मजकूर टाईप करून घेतला. वडील शेतकरी, भाड्याने होडी कधी चालवली नाही, वगैरे. काकांनी कागद ओढून काढला, वाचला आणि म्हणाले, "एकदम पक्का बनाया है. अब बाप का साइन ले आ."

घरी बाबा जेवून पडवीत बसले होते. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, कॉलेजचा आहे, सही पाहिजे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मराठीतही त्यांची सही म्हणजे मोठं काम. आधी ते जुन्या वहीच्या पाठीमागे दोन-तीनदा गिरवून बघायचे, हात बसला की मग खऱ्या कागदावर. तशी त्यांनी वही मागवली. गिरवता गिरवता सहज विचारलं, "काय लिवलंय?"

खोटं बोलणं सोपं होतं. कागद इंग्रजीत होता. पण पुढ्यात ते जीभ दातात धरून स्वतःचं नाव गिरवत होते आणि मला ते जमलं नाही. मी जे होतं ते वाचून दाखवलं. तुम्ही होडी चालवत नाही, कधी चालवली नाही. तुम्ही शेतकरी आहात.

मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे लिवल्यावर तुला बसू देतील?"

"हो."

"मंग आन कागूद. कोन बघतंय? होडी काय बोलायला जानार न्हाय."

आणि खरोखर त्यांनी कागद मांडीवर घेतला. पेन टेकवलं. नावातलं पहिलं अक्षर उमटलंसुद्धा. माझ्या आतून असा संताप उठला की तसा मला आधी कधी आला नव्हता. सचिवांचा, त्या राखीव मुलाचा, पुस्तिकेचा, कॅप्टनचा आणि सगळ्यात जास्त माझा. हा माणूस धक्क्याला होडी घासली म्हणून मला पाच-पाच वेळा परत पाठवायचा, आणि माझ्या एका सीटसाठी तो स्वतःला एका सहीत पुसून टाकायला निघाला होता. मी त्यांच्या हातातून कागद ओढला आणि फाडला.

मग ते चिडले. "कागूद फाडतोस? पैसं पडल्यात त्याला!"

"पडू दे."

"मी सही करतोय ना? तुजं काय जातंय?"

"माझा बाप जातोय," मी ओरडलो. आई चुलीवरचं तसंच टाकून बाहेर आली. बाबा उठून उभे राहिले, मला वाटलं आता कानाखाली बसते. पण ते म्हणाले, "बाप कुटं जातोय? हितंच हाय. तू मातर बसून रहशील काठावर." आणि ते तडक खाडीवर निघून गेले. त्या दिवशी आम्ही पुढे एकमेकांशी बोललो नाही. माझं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं आणि मला त्यांचं पटणार नव्हतं. आई मला एवढंच म्हणाली, "दोगं सारकंच हायत."

दुसऱ्या दिवशी मी परत केबिन रोडला गेलो. या वेळी मजकूर मी सांगितला आणि काकांनी टाईप केला. माझे वडील भाड्याने होडी चालवतात. मी सातवीपासून त्यांच्याबरोबर वल्हं मारतो आणि त्याचेच पैसे माझ्या शिक्षणाला लागतात. मला वल्हं मारायला त्यांनीच शिकवलं. काकांनी मधेच हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "ये तो उल्टा हो गया."

"सीधा हो गया," मी म्हणालो. "आप टाइप करो."

समितीच्या बैठकीत तो कागद वाचला गेला. सचिव हळू आवाजात मला म्हणाले, "अरे, तुला वाट काढून दिली होती मी." मी म्हणालो, "सर, नियम चुकीचा असेल तर नियम बदला. माझ्या बाबांना कशाला बदलायला सांगता?" कोणीतरी म्हणालं, मुलाची जीभ लांब आहे. असेल. मला बाद केलं. मी म्हणालो, ठीक आहे, पण तसं लिहून द्या. त्यांना लिहून द्यायचं नव्हतं. तोंडी सांगितलंय ना, पुरे की. मी त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसलो. मला कागद मागणारे हेच, मग मलाही कागद पाहिजे होता. शेवटी कंटाळून त्यांनी समितीच्या छापील कागदावर टाईप करून, सही-शिक्क्यासह दिलं की अर्जदार लहानपणापासून मोबदला घेऊन वल्हवण्याचं काम करत आल्याने तो हौशी नाही.

स्पर्धेच्या दिवशी माझ्या सीटवर तो राखीव मुलगा बसला. मी बघायला गेलो. न जाऊन त्यांना सोपं का करायचं? मी काठावर झेंड्यापाशी उभा राहिलो. आमची बोट दुसरी आली. मला आनंद झाला नाही. कॅप्टन बोटीतून उतरल्यावर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि मग बोट उचलायला निघून गेला. पुढच्या आठवड्यात मात्र तो एक दिवस खाडीवर आला आणि म्हणाला, मला हे वल्हं शिकव. त्याने होडी धक्क्यावर अशी आपटली की बाबांनी त्याला सात वेळा परत पाठवलं.

बाबांनी ते पत्र माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. "म्हंजे त्यांनी लिवून दिलंय, का तू होडी चालवतोस?"

"हो. पैसे घेऊन. लहानपणापासून."

"शिक्का हाय?"

"आहे."

"मंग बरोबरच लिवलंय की," ते म्हणाले, आणि दोन दिवसांनी केबिन रोडवरून त्याला काचेची फ्रेम करून आणली. देवाच्या कॅलेंडरशेजारी लावली. आलेल्या-गेलेल्याला ते दाखवायचे, कॉलेजकडून दाखला आलाय. हसावं की रडावं मला कळेना. पण मी ती काढली नाही, आणि आमच्यातला उरलासुरला रुसवा फ्रेमच्या त्या खिळ्याबरोबरच संपला.

त्र्याण्णव साली मी इंजिनिअर झालो. नोकऱ्या सहज मिळत नव्हत्या. सगळ्यांना अनुभव पाहिजे होता आणि अनुभव द्यायला कोणी तयार नव्हतं. पाण्यातली कामं करणाऱ्या एका कंपनीत मुलाखत होती. धक्के, पुलांचे खांब, असली कामं. मी डिग्रीच्या कागदांबरोबर फ्रेममधून काढलेलं ते पत्रही नेलं होतं. का नेलं? खुन्नस म्हणून. चार वर्षं ती गेली नव्हती. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "एक्सपिरियन्स?" मी पत्र पुढे सरकवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"ये क्या है?"

"अनुभवाचा दाखला, सर. माझ्याकडे हा एकच आहे."

ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ओहोटी अर्ध्यावर असताना खाडीत होडी एका जागी धरून ठेवता येईल का, कारण पाण्याची खोली मोजताना सगळी बोंब तिथेच होते. मी म्हणालो, मागच्या दोन झाडांवरून येईल. मग आम्ही अर्धा तास त्याच विषयावर बोललो. सोमवारपासून ये, ते म्हणाले. सुंठीवाचून खोकला गेला असं मी म्हणणार नाही. सुंठ चार वर्षं चघळली होती.

पहिलं काम आमच्याच खाडीवर निघालं. नवा धक्का बांधायचा होता, त्यासाठी पात्राची खोली मोजायची. कंपनीची मोटरबोट दुसऱ्याच दिवशी चिखलात रुतली. साहेब म्हणाले, इथला कोणी होडीवाला बघ. मी म्हणालो, बघायला कशाला पाहिजे.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. होडी त्यांनी पहाटेच धुतली होती. साहेब, खोली मोजायची दोरी सोडणारा माणूस, सामान, सगळे बसले. मी काठावर वही घेऊन उभा होतो. बाबांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, "या साहेब, सांभालून."

मला आधी कळलंच नाही की हे मला आहे. मी खाली वाकून हळूच म्हणालो, "बाबा, हे काय?"

तेही हळूच म्हणाले, "तुज्या हाताखालची मान्सं हायत. होडीवाल्याचा पोरगा बोलतील. कशाला?"

म्हणजे फाडलेल्या कागदावरचं ते एक अक्षर त्यांनी अजून मनात जपून ठेवलं होतं. वेळ आली तर पुरं करायला. फ्रेम लावली, कौतुक केलं, पण सही करायची तयारी काही गेली नव्हती. मी वही साहेबांच्या हातात दिली. बूट काढले. दुसऱ्या वल्ह्यावर कंपनीचा एक माणूस बसला होता, त्याला उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणालो, "सर, हे माझे बाबा. या होडीवर मी कामाला होतो." मग बाबांना म्हणालो, "चला. ओहोटी लागलीय."

बाबांनी एकदा नाक ओढलं आणि वल्हं पाण्यात घातलं. दुपारपर्यंत आम्ही ती होडी जिथे सांगितली तिथे धरून ठेवली. साहेब आकडे सांगत होते आणि वहीत लिहीत होते, मान वर करायलाही त्यांना फुरसत नव्हती. परत येताना पाणी उलटं होतं, माझ्या तळहाताला फोड आले होते आणि शेजारी बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. धक्का जवळ आला. कोणी कोणाला सांगितलं नाही. तीन वल्ही आधी आम्ही दोघांनी हात थांबवले.

थोड्या वेळाने साहेबांनी वहीतून डोकं वर काढलं आणि विचारलं, "अजून किती लांब आहे?"

"पोचलो, सर," मी म्हणालो. "उतरा."